पुनवेपर्यंतची भावकी

नलिनीला कोणी तांब्याभर पाणी आणायला सांगितलं तर ती विहीर खणायला घेईल, असं मी एकदा तिच्या आईला म्हटलं होतं. आईला ते कौतुक वाटलं आणि तिनं ते सगळ्या सरकारी क्वार्टर्समध्ये सांगून टाकलं. माझा बोलण्याचा रोख वेगळा होता, पण आता कोणाकोणाला समजावत बसायचं?

मी लीला, मूळची मालवणची. सिल्वासाला मराठी शाळेत शिक्षिका म्हणून आले ती १९८१ साली, आणि नलिनी माझ्या पहिल्याच वर्गात होती. चौथीतलं काडीसारखं पोर. तिला फळा पुसायला सांगितला तर तिनं शेजारच्या वर्गाचाही फळा पुसून ठेवला. त्यावर तिथल्या गुरुजींचं अर्धं सोडवलेलं गणित होतं. गुरुजी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. नलिनीला मात्र आपण दोघांचं काम हलकं केलं म्हणून इतका आनंद झाला होता, की मला तिला रागवताच आलं नाही.

बारावीनंतर ती समाजकार्याच्या पदवीला जाणार म्हणाली. वापीला तेव्हा नवंच एक कॉलेज निघालं होतं. तिचे वडील मधुकरराव प्रशासनात हेडक्लार्क, देवगडचे, शिस्तीचे. त्यांना आधी वाटलं, बी.एस.डब्ल्यू. म्हणजे बी.एससी.चाच काहीतरी नवा प्रकार असेल. खरा अर्थ कळल्यावर ते माझ्याकडे आले.

"लीलाबाई, समाजकार्याला पदवी कशाला लागते हो? आमच्या देवगडात लोक फुकट करतात."

"म्हणूनच बिघडवून ठेवतात," मी म्हटलं. मला त्या वेळी नलिनीची बाजू घ्यायची होती, म्हणून तोंडाला येईल ते बोलले. पुढं तेच कॉलेजात पहिल्या दिवशी शिकवलं, असं नलिनी मला सांगत आली. तेव्हापासून मधुकरराव मला या विषयातली जाणकार समजू लागले आणि त्यांनी एक अट घातली. शिकताना वस्तीत जाऊन जे काम करावं लागतं, त्या फील्डवर्कला नलिनी नरोलीला कारखान्यांच्या बाजूला जाणार, तर शनिवारी लीलाबाईंनी सोबत जायचं. शनिवारची माझी शाळा सकाळची. दुपारची झोप गेली ती गेलीच.

नरोलीची ती चाळ म्हणजे एका ओळीत नऊ खोल्या, पुढे सामाईक ओटा आणि मोठं मातीचं अंगण. राहणारे सगळे खानदेशातले, कोणी अमळनेरकडचे, कोणी शिरपूरकडचे. जात एक, पण गावं वेगळी, आडनावं वेगळी. एकानं दुसऱ्याला कारखान्यात चिकटवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, अशी ती ओळ भरली होती. मालक गुजराती, सुपरवायझर हिंदी बोलणारा, आणि घरात अहिराणी, त्यामुळे पोरं एका वाक्यात तिन्ही भाषांना फिरवून आणत.

दुसऱ्या वर्षी नलिनीनं तिथं काय केलं, ते ऐका. चाळीसमोर संध्याकाळी अंधार असतो, अशी बायकांची तक्रार. नलिनीनं घरी जाऊन वडिलांना सांगितलं, वडिलांनी ओळखीच्या साहेबांना सांगितलं, आणि पंधरवड्यात अंगणाच्या कोपऱ्यात दिव्याचा खांब उभा राहिला. नलिनी तरंगतच कॉलेजात गेली. तिच्या अलका मॅडम दादरच्या होत्या. बारीक आवाजाच्या, पण त्या आवाजाला धार होती. मॅडमनी विचारलं, "खांब उभा राहिला. बायका कुठं उभ्या राहिल्या?" आणि फील्डवर्कमध्ये नापास केलं.

नलिनी माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. कॉलेजचा नियम असा होता की फील्डवर्कमध्ये एकदा नापास झालं तर वर्ष पुन्हा करायचं, दुसऱ्यांदा झालं तर नाव काढून टाकतात. मग बाकीच्या पेपरांत कितीही मार्क असोत. नलिनीचे बाकीचे मार्क चांगले होते, तेच तिला जास्त लागत होतं. "लीलाताई, मी लोकांसाठी चांगलंच केलं ना?" ती विचारत होती. मलाही मॅडमचा रागच आला. एवढा दिवा लागला, त्याचं काहीच नाही? पण नलिनीनं डोळे पुसून सांगितलं, "मॅडम म्हणाल्या, या वर्षी तू काहीही करायचं नाहीस. बायकांनी ठरवायचं, बायकांनी करायचं. तू फक्त सोबत राहायचंस."

नलिनीला काहीही करू नको म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला बसवणं. पण पोरीनं मनावर घेतलं. १९९२ च्या जूनपासून ती ओट्यावर जाऊन बसायची आणि ओठ मिटून ऐकायची. मधूनच तिचा चेहरा लाल व्हायचा, तेव्हा आत एखादी योजना दाबली जातेय हे मी ओळखायचे. शिवणाचा वर्ग गिळला, बचतगट गिळला, परसबागही गिळली. आणि मग एका शनिवारी केसरबाई बोलल्या.

केसरबाई चाळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. शिरपूरकडच्या. उंच, धिप्पाड, कपाळावर आडवं कुंकू. त्यांचा मुलगा नवनाथ कारखान्यात रात्रपाळीला होता. त्यांच्या शब्दाबाहेर चाळीतला उंदीरसुद्धा जात नसेल.

"औंदा कानबाई बसाडवी म्हनते मी," त्या म्हणाल्या.

कानबाई म्हणजे खानदेशची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी ती घरोघर बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. कारखान्यातून रजा मिळत नसल्यामुळे या बायकांची कानबाई दोनतीन वर्षं चुकली होती, आणि ते बोलताना त्यांचे आवाज ओले होत होते. एकेका खोलीत चौरंग मांडायला जागा नाही. म्हणून अंगणात सगळ्यांची मिळून एकच कानबाई बसवायची, असं बायकांनी ठरवलं. कोण केळीचे खांब आणणार, कोण ओटा सारवणार, कोणाकडची नथ देवीला घालायची, सगळं तासाभरात ठरलं. नलिनीनं एक शब्द उच्चारला नव्हता. परतताना ती धास्तावून मला म्हणाली, "लीलाताई, यात समाजकार्य कुठं आहे? मॅडम पुन्हा नापास करतील."

मॅडमनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शनिवारी तयारी बघायला येते."

आता या देवीचा एक नियम सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर घडलं. कानबाईला रोटांचा, म्हणजे जाड गोड पोळ्यांचा, नैवेद्य असतो. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा सव्वा मुठी गहू मोजून घ्यायचे, तेवढेच दळायचे, आणि त्या पिठाचे रोट फक्त आपल्या भावकीनं खायचे. परक्याला कण द्यायचा नाही. म्हणून कानबाई एक असली तरी रोट ज्याचे त्यानं करायचे होते. प्रत्येकीनं या दिवसासाठी आपल्या गावच्या वावरातला गहू पुरचुंडीत बांधून जपून ठेवला होता. एरवी खायला रेशनचा होताच.

शनिवारी मी नरोलीला पोचले तेव्हा बायका चाळीमागं पाण्याच्या टँकरला गेल्या होत्या. चक्कीवर दळणाची रांग लागलेली. चक्कीवाल्या शेठनं सकाळीच यांच्यासाठी चक्की धुवून पुसून ठेवली होती, पण रांग सोडली तर पुन्हा नंबर लागायचा नाही. म्हणून बायकांनी नऊ पुरचुंड्या नलिनीच्या ओटीत घातल्या आणि सांगितलं, "नंबर धरी ठेव, आम्ही उनूच."

नंबर धरायचा. एवढंच.

नलिनीचा नंबर आला, बायका आल्या नव्हत्या. शेठ कुरकुरला, एवढ्याशा नऊ पुरचुंड्यांसाठी मी नऊ वेळा मशीन चालवू का? ओठ मिटून बसलेल्या पोरीतून दोन महिन्यांची सगळी हुशारी एकदम उसळून वर आली. तिनं नऊच्या नऊ पुरचुंड्या एका डब्यात ओतल्या, एकदम दळून घेतल्या, आणि डबा कमरेवर घेऊन चाळीत आली. घामानं चेहरा भिजलेला, पण डोळ्यांत तोच चौथीतला आनंद.

"झालं दळून! आता मापानं वाटून घेऊ," ती म्हणाली.

हंडे घेऊन आलेल्या बायका जागच्या जागी थांबल्या. अमळनेरकडच्या सरुबाईनं हंडा खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. केसरबाईंनी डब्याचं झाकण उचललं, आत बघितलं, आणि पुन्हा लावलं.

"तुले इतलंच सांगं व्हतं ना, नंबर धरी ठेव? हाई पीठ आते कोनं म्हनवं?"

मी खरं सांगते, मला प्रथम काही कळेना. पीठ ते पीठ. तेवढंच माप प्रत्येकीला परत मिळालं तर बिघडलं कुठं? तसं मी म्हणालेसुद्धा. तेव्हा केसरबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या घरचा गणपती आठवला. आमच्याकडे गौरीच्या भाजीत एका पाल्याऐवजी दुसरा पडला म्हणून माझ्या सासूनं दोन दिवस अबोला धरला होता. ज्याचं त्याचं ज्याला ठाऊक.

आणि नेमक्या त्याच वेळी छत्री मिटत अलका मॅडम अंगणात शिरल्या.

नलिनीचा चेहरा पिठाहून पांढरा पडला. आपलं नाव कॉलेजातून निघालं, हे तिला तिथंच दिसलं असणार. पण तिला त्याहून दुसरंच जास्त बोचत होतं, हे मी पाहिलं. सरुबाई पदरानं डोळे टिपत होती. दोनतीन वर्षं हुकलेली देवी, जपून ठेवलेला गहू, आणि सगळं हिनं एका डब्यात कालवलेलं. नलिनी पुढे झाली. "चूक माझी आहे. मी आत्ता जाते, बाबांना सांगून जीपनं नवे गहू..."

"बाजारना गहू देवीले? आमना वावरना व्हता तो. गप बठ!" केसरबाई कडाडल्या.

मॅडमनी नलिनीकडे बघितलं फक्त. नलिनी ओट्याच्या कडेला बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

मग जे भांडण लागलं ते सांगण्यासारखं होतं. एकीनं म्हटलं, या वर्षी रोटच नकोत. दुसरी म्हणाली, रोटांवाचून कानबाई म्हणजे नवरदेवावाचून वरात. तिसरीनं चक्कीवाल्या शेठच्या सात पिढ्या काढल्या. त्याच्या काही पिढ्या नलिनीच्याही वाट्याला आल्या. शेवटी सरुबाई डोळे पुसून उभी राहिली. एरवी ती इतकी कमी बोलायची की मला तिचा आवाजच ओळखता आला नाही.

"भावकी भावकी काय लाई दी? आमना घरवालाना हात मसाटना कारखानामा मशीनमा सापडना, तवय अमळनेरनी भावकी उनी व्हती का? महिनाभर डबा तर केसरबाईना घरना उना. मंग भावकी कोन?"

सगळ्या केसरबाईंकडे बघू लागल्या. केसरबाईंना हे अवघड गेलं असावं, कारण त्यांचं कौतुक केलेलं त्यांना कधी आवडायचं नाही. त्या म्हणाल्या, "डबा दिधा म्हनीसन भावकी व्हस का?" पण आवाज उतरला होता. एकेक बाई बोलू लागली. बाळंतपणाला कोण धावलं, मेलेल्या माणसाला खांदा कोणी दिला. हळूहळू असं ठरत आलं की पीठ एक झालं आहे तर आता चाळच एक भावकी मानावी, देवीसमोर तसं बोलावं आणि सगळ्यांनी सगळ्यांचे रोट खावेत. मला वाटलं, सुटलो. नलिनीनं मांडीखालचा एक हात बाहेर काढला.

"आणि मग माझं काय?"

ही रोशनी. सरुबाईची मुलगी, कारखान्यात पॅकिंगला जाणारी, अठरा-एकोणीस वर्षांची. इतका वेळ ती पाण्याचे हंडे आत नेऊन ठेवत होती. आता अंगणाच्या मधोमध रिकामी कळशी घेऊन उभी होती.

"तुझं काय?" आईनं विचारलं.

"एक भावकी झाली तर सगळे भाऊबहीण होतील ना? मेरे को नाही पाहिजे असली भावकी!"

केसरबाईंच्या दारात नवनाथ उभा होता. रात्रपाळी करून झोपलेला, आरडाओरड्यानं जागा झालेला, केस विस्कटलेले. त्यानं रोशनीकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि तो इतक्या घाईनं आत पळाला की चौकटीवर डोकं आपटल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. त्यानंतर कोणाला काही विचारायची गरज राहिली नाही.

मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबला. मॅडमनी छत्रीच्या मुठीकडे बारकाईनं बघायला सुरुवात केली. सरुबाई एकदा मुलीकडे बघत होती, एकदा केसरबाईंकडे. भावकी होत नाही तर पीठ वाया, भावकी होते तर सोयरीक वाया. आणि केसरबाई? ही सोयरीक त्यांनाही त्याच क्षणी कळत होती. मी म्हटलं, आता वीज पडणार.

केसरबाई खाली बसल्या. पिठाचा डबा त्यांनी जवळ ओढला. बराच वेळ त्या डब्यावर बोटं वाजवत राहिल्या. मग म्हणाल्या, "रोट पुनवंना आत सराले पाहिजेत ना?"

"हो," चारपाच जणी म्हणाल्या. रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात, हा त्या देवीचा दुसरा नियम.

"मंग रोट सरनात की भावकी सरनी. पुनवंलोंग भावकी. पुनव व्हवा दे, मंग बोलूत सोयरीकनं."

म्हणजे पौर्णिमेपर्यंत चाळ एका भावकीची. रोट संपले की ज्याची त्याची भावकी वेगळी, लग्नाला मोकळी. असा तोडगा मधुकररावांच्या सगळ्या कचेरीला सुचला नसता. बायकांनी हात जोडले, कोणी कोणाला मिठी मारली. तेवढ्यात एकीला आठवलं.

"अवं माय! पुनवंले तर राखी शे!"

रोशनीच्या हातातली कळशी पडली. "मी नाही बांधणार!" ती ओरडली, आणि आत नवनाथचंही काहीतरी पडल्याचा आवाज आला. केसरबाई इतक्या हसल्या की त्यांचं कुंकू घामात पसरलं. "बरं, बरं. चौदसलेच संपाडूत रोट. मी सोता खासू उरेलसुरेल."

परत जाताना मॅडम आमच्यासोबत दमणगंगेच्या पुलापर्यंत चालत आल्या. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "बघितलंत ना मॅडम, आमची नलिनी शेवटपर्यंत गप्प बसली. बायकांनीच सगळं ठरवलं."

नलिनी खोटं बोलायला कधी शिकलीच नाही. "मॅडम, तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, म्हणून गप्प होते," ती म्हणाली. मला तिला तिथंच नदीत ढकलावंसं वाटलं.

"तुला नंबर धरायला सांगितलं होतं. तू दळून आणलंस," मॅडम म्हणाल्या. "गेल्या वर्षी खांब, या वर्षी पीठ. चूक तीच आहे, नलिनी. मी उद्या पुन्हा येईन. मग काय ते ठरवीन."

त्यांची बस गेल्यावर मी नलिनीला घरी सोडलं आणि माझ्या देव्हाऱ्यापुढं जाऊन, मालवणची असूनही, खानदेशच्या देवीला हात जोडले.

रविवारी आम्ही गेलो तर ती चाळ ओळखू येईना. अंगण सारवलेलं, केळीचे खांब, रंगीत कागदाच्या झिरमिळ्या. चौरंगावर नारळाची कानबाई, तिला डोळे, नाक, आणि सरुबाईची मोत्याची नथ. खांब बांधायला नवनाथ कपाळावर टेंगूळ घेऊन फिरत होता, आणि रोशनीला काही द्यायचं झालं तर जमिनीवर ठेवून लांब सरकत होता. नलिनी कोपऱ्यात उभी होती. कोणी तिला काही काम सांगत नव्हतं, आणि तीही काही हातात घेत नव्हती. तिला इतकी रिकामी उभी असलेली मी जन्मात पहिल्यांदा बघत होते, आणि मला फार वाईट वाटलं. तिची हौस मला कितीदा नकोशी व्हायची, पण ती गेलेली त्याहून नको होती.

आरती झाली, नैवेद्य झाला. मॅडमना आणि मला खुर्च्या मांडल्या होत्या. आमच्यासमोर चहा आला, शेव आली, पेढे आले. रोट आले नाहीत. रोट चाळीतल्या लोकांच्या ताटांत गेले, आणि आम्ही दोघी शिकलेल्या बायका त्यांच्याकडे बघत बशीत चहा ओतत राहिलो. मॅडमनी एकदा वास घेतल्याचं मी पाहिलं. तुपाचा वास अंगणभर होता.

मग केसरबाई एक ताट घेऊन उठल्या. ताटात रोट, वर तूप, बाजूला खीर. त्या आमच्या खुर्च्यांवरून पुढे गेल्या, कोपऱ्यातल्या नलिनीसमोर थांबल्या आणि ताट तिच्या हातात दिलं.

एक म्हातारा मागून म्हणाला, "अवं, ती तर कोकनी शे. परकी."

"पीठ हिनीच एक करं," केसरबाई म्हणाल्या. "मंग ही भायेर कशी? खाय वं माय."

नलिनी रडायला लागली. रडता रडताच तिनं रोट मोडला आणि मोठा घास तोंडात घातला. मॅडमनी बशी खाली ठेवली, माझ्याकडे वळून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मला चहा आणि हिला रोट. आता हिला नापास करायचं तर मला या बायकांना विचारावं लागेल."

"इचारी देखा!" केसरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

मॅडमनी विचारलं नाही. नलिनीला काहीतरी बोलायचं होतं, पण तिचं तोंड भरलेलं होतं, आणि केसरबाई ताटात दुसरा रोट वाढत होत्या.